सेवापुस्तकातील तीन वर्षे

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून मी ३० जून २०२४ रोजी नियत वयोमानानुसार निवृत्त झाले. लिपिक म्हणून परीक्षा विभागात रुजू झाले, पुढे बरीच वर्षे पात्रता विभागात काढली आणि शेवटचा काळ बॅ. बाळासाहेब खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात, म्हणजे आमच्या जुन्या सवयीच्या शब्दात ग्रंथालयात, घालवला. निवृत्तिवेतनाचे नियम छापील मिळतात, शासन निर्णय संगणकावर सापडतात. परंतु नियमात लिहिलेला लाभ प्रत्यक्ष सेवकाच्या हाती येईपर्यंत त्याला कोणकोणत्या टेबलांवरून जावे लागते आणि त्या वाटेवर कोणाकोणाची साथ लागते, हे आमच्यापैकी फारसे कोणी लिहून ठेवत नाही. माझ्यानंतर निवृत्त होणाऱ्यांना उपयोग व्हावा, विशेषतः ज्या भगिनींची नेमणूक माहेरच्या नावाने झाली आणि ज्यांची आधीची काही सेवा दुसऱ्या संस्थेत झाली आहे त्यांना, या इच्छेने मी हे सविस्तर लिहीत आहे.

माझी नेमणूक १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची असल्यामुळे मला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे जुनी योजना लागू होती. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन आणि त्यावर महागाई भत्ता, सेवेच्या प्रत्येक पूर्ण सहामाहीस वेतनाचा एक चतुर्थांश या हिशेबाने उपदान (म्हणजे ग्रॅच्युइटी), शिल्लक अर्जित रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवसांपर्यंत रोखीकरण, भविष्य निर्वाह निधीतील जमा रक्कम आणि माझ्या पश्चात पतीला कुटुंब निवृत्तिवेतन, असे त्याचे ढोबळ स्वरूप आहे. मी निवृत्त झाले तेव्हा, त्या तारखेला किंवा नंतर लागलेल्या सहकाऱ्यांना यातले निवृत्तिवेतन नव्हते. त्यांच्या पगारातून कपात होई, शासनाचा हिस्सा जमा होई आणि पुढे त्यातून जे मिळेल ते मिळेल, अशी ती नवी योजना होती. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, एकाच प्रकारची प्रकरणे हाताळणाऱ्या दोघांच्या म्हातारपणात एका तारखेने एवढे अंतर पाडले होते. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यभर संप झाला, तेव्हा ज्यांना जुनी योजना आधीच लागू होती असे माझ्यासारखे अनेक जण त्यात उतरले होते, आणि ते योग्यच होते असे मला आजही वाटते.

निवृत्तीची पूर्वतयारी दोन वर्षे आधी सुरू करावी असे नियमच सांगतात. आस्थापना विभागाने त्यानुसार पुढे निवृत्त होणाऱ्यांची यादी काढली आणि मला सेवापुस्तक पाहण्यासाठी बोलावणे आले. सेवापुस्तक हा सेवकाच्या नोकरीचा एकमेव सलग दस्तऐवज असतो. पहिल्या पानावर जन्मतारीख, ओळखीच्या खुणा, उंची आणि बोटांचे ठसे, पुढे नेमणूक, स्थायित्व, वेतनवाढी, बदल्या, रजेचा हिशेब, प्रत्येक वेतन आयोगाच्या वेळची वेतननिश्चिती, संगणक अर्हतेची नोंद, आश्वासित प्रगती योजनेचा, म्हणजे बढतीविना एकाच पदावर राहिलेल्यांना मिळणाऱ्या वरच्या वेतनश्रेणीचा, लाभ आणि अगदी मागच्या बाजूस नामनिर्देशने. दरवर्षी सेवकाला ते दाखवून त्याची स्वाक्षरी घ्यावी, असा दंडक आहे. सेवकाने आपल्याजवळ दुय्यम प्रत ठेवावी, अशीही तरतूद आहे. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेक जण पुस्तक समोर आले की खुणेच्या जागी सही करतात आणि पान न उलटता परत देतात, कारण मागे टपाल थांबलेले असते. मी मात्र त्या दिवशी संबंधित सहायकांच्या शेजारी खुर्ची घेऊन पहिल्या पानापासून वाचायला बसले. त्यांनीही घाई केली नाही. प्रत्येक नोंदीवर बोट ठेवून आम्ही दोघी पुढे सरकत गेलो आणि दोन ठिकाणी थांबलो.

पहिले ठिकाण नावाचे होते. माझी पहिली नेमणूक माहेरच्या नावाने झाली. १९९२ मध्ये लग्न झाले आणि त्यानंतरचे सर्व कागद सासरच्या नावाने आहेत. सेवापुस्तकात नाव बदलल्याची नोंद होती, तिच्यासोबत विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रतही जोडलेली होती. पण आधार, पॅन आणि बँकेचे खाते यांत पतीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले निघाले. एकीकडे पूर्ण, दुसरीकडे आद्याक्षर, तिसरीकडे शेवटी 'राव' जोडलेले. पगार जमा होताना इतक्या वर्षांत यामुळे कधी काही अडले नव्हते, कारण पगाराची यादी विद्यापीठ पाठवत होते. निवृत्तिवेतनाच्या आदेशावर मात्र एकदा जे नाव छापले जाते त्यावरच पुढे कुटुंब निवृत्तिवेतनही अवलंबून असते. म्हणून मी राजपत्रात नावबदलाची जाहिरात दिली, ती प्रसिद्ध झाल्यावर बाकीची कागदपत्रे एकसारखी करून घेतली आणि त्यानंतरच नमुना सह्या व पतीसोबतचे जोड छायाचित्र दिले. स्त्री सेवकांनी हे काम निवृत्तीची वाट न पाहता चाळिशीतच उरकावे. राजपत्रातील नोंद, दुरुस्त आधार, दुरुस्त पॅन आणि शेवटी बँक, याच क्रमाने गेल्यास एका दुरुस्तीसाठी दुसरा कागद नाही म्हणून परत यावे लागत नाही.

दुसरे ठिकाण अधिक अवघड होते. विद्यापीठात येण्यापूर्वी, जुलै १९९० पासून तीन वर्षे, मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी अनुदानित महाविद्यालयात कनिष्ठ लिपिक होते. विद्यापीठातील जागेसाठी मी प्राचार्यांमार्फत, योग्य मार्गाने अर्ज केला होता. कार्यमुक्तीचा आदेश आणि रुजू अहवाल यांत एका दिवसाचाही खंड नव्हता. ती सेवा निवृत्तिवेतनासाठी जोडून धरण्याचा आदेशही सेवापुस्तकात चिकटवलेला होता. मात्र त्या तीन वर्षांची सेवा पगारपत्रकांवरून पडताळल्याचा शेरा आणि त्याखालील सही शिक्का कोठेच नव्हता. १९९३ नंतरच्या प्रत्येक वर्षापुढे तो होता. त्याआधीचे रकाने कोरे होते.

सहायकांनी मला हिशेब स्पष्ट करून सांगितला. निवृत्तिवेतनाला धक्का नव्हता, कारण पूर्ण निवृत्तिवेतनासाठी २० वर्षांची अर्हताकारी, म्हणजे निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी, सेवा पुरते आणि एकट्या विद्यापीठातील सेवाच सुमारे ३१ वर्षे भरत होती. फरक उपदानात पडणार होता. एकतीस वर्षांच्या ६२ सहामाह्या, म्हणजे साडेपंधरा महिन्यांचे वेतन. महाविद्यालयातील तीन वर्षे मिळवली तर ६८ सहामाह्या होतात, पण उपदान साडेसोळा महिन्यांच्या वेतनापुढे जात नाही, त्यामुळे हिशेबात ६६ धरायच्या. म्हणजे एका महिन्याच्या वेतनाचा प्रश्न होता. "मॅडम, नको असेल तर तेवढी सेवा वगळून प्रकरण लवकर पुढे पाठवता येईल," असे त्या म्हणाल्या. त्यांचा हेतू चांगलाच होता. मी वगळू नका असे सांगितले. एका महिन्याचे वेतन ही माझ्या घरात लहान रक्कम नव्हती, हे एक कारण. दुसरे असे की त्या तीन वर्षांत मी सकाळच्या एसटीने जाऊन परीक्षेचे अर्ज, शिष्यवृत्तीची बिले आणि प्रवेशाच्या नोंदवह्या एकटीने सांभाळल्या होत्या, आणि केलेली नोकरी केवळ कोणी शेरा मारला नाही म्हणून नोकरी नव्हती असे कागदोपत्री होऊ देणे मला मान्य नव्हते.

मग त्या महाविद्यालयात जाणे झाले. आता तेथे मला ओळखणारे कोणी उरलेले नव्हते. कार्यालयाने अर्ज घेतला, पण तीस वर्षांपूर्वीची वेतनदेयके कोठे आहेत हे सांगता येत नाही असे उत्तर मिळाले. इमारत बदलली होती आणि जुने दप्तर दोनदा हलवले गेले होते. मी रिकाम्या हाताने परत निघाले असते, पण माझ्या वेळचे मुख्य लिपिक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणत असू, गावातच राहतात हे मला ठाऊक होते. त्यांच्या घरी गेले. वय ऐंशीच्या पुढे, कानाने कमी ऐकू येते, परंतु दप्तराची आठवण पक्की. वेतनदेयकांचे गठ्ठे वर्षवार लाल कापडात बांधलेले असत आणि जुनी इमारत सोडताना ते प्रयोगशाळेच्या वरच्या खोलीत ठेवले होते, असे त्यांनी सांगितले. एवढेच नव्हे, दुसऱ्या दिवशी ते स्वतः नातवाच्या गाडीवर बसून महाविद्यालयात आले आणि तेथील तरुण लिपिकाला बरोबर घेऊन त्यांनी ती खोली उघडायला लावली. १९९१ आणि १९९२ ची देयके मिळाली. १९९० मधल्या काही महिन्यांची मिळाली नाहीत.

जी देयके मिळाली त्यांवरून प्राचार्यांनी सेवा पडताळणीचा दाखला दिला. उरलेल्या महिन्यांसाठी दुसरा मार्ग होता. ज्या काळाची सेवा कार्यालयीन अभिलेखावरून पडताळता येत नाही, त्या काळाबद्दल सेवकाने लेखी निवेदन द्यावे आणि त्याला पूरक पुरावा जोडावा, ही सोय नियमांत आहे आणि ती फार थोड्यांना माहीत असते. माझ्याकडे नेमणुकीचा मूळ आदेश होता, रुजू झाल्याचा अहवाल होता आणि भविष्य निर्वाह निधीचे त्या काळातील वार्षिक विवरणपत्र होते, ज्यात महिन्यावार वर्गणी स्पष्ट दिसत होती. निधीची वर्गणी पगारातूनच कापली जाते, तेव्हा वर्गणी जमा असेल तर पगार झाला होता आणि पगार झाला असेल तर सेवा झाली होती, ही साखळी लेखा विभागाने मान्य केली. अण्णांनी समकालीन कर्मचारी म्हणून दुजोरा देणारे निवेदन लिहून दिले. त्यांचे अक्षर तेव्हा होते तसेच, रेघ न सोडणारे.

विद्यापीठातील माझ्या नोकरीविषयी येथे थोडे सांगते, कारण निवृत्तीच्या त्या दोन वर्षांत आवाराकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले होते. विद्यापीठाची स्थापना १९६२ मधली, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. मी आले तेव्हा कोल्हापूर, सांगली, सातारा यांच्याबरोबर सोलापूर जिल्हाही आमच्याकडेच होता. २००४ मध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झाले. चार जिल्ह्यांच्या उत्तरपत्रिका येत, तेव्हा परीक्षा विभागात मार्च ते जून या काळात घरी कधी जायचे हे ठरलेले नसे. सेवक निवासस्थानात राहत असल्यामुळे माझे निभावले. उशीर झाला की शेजारच्या वहिनी माझ्या मुलीला जेवू घालत, आणि त्यांच्या यजमानांची रात्रपाळी असली की त्यांचा मुलगा आमच्याकडे अभ्यासाला बसे. नवरात्रात ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या टेकडीवर जाते. आमच्या वसाहतीपासून टेकडी जवळ, म्हणून साऱ्या बायका मुलांना घेऊन चालत जात असू. संक्रांतीचे हळदीकुंकू, १८ नोव्हेंबरचा वर्धापनदिन, दीक्षान्त समारंभाच्या आधी पदवी प्रमाणपत्रे लावत जागवलेल्या रात्री, ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शहराचे पाणी बंद पडले तेव्हा आवारातील पाण्याचा शहराला झालेला आधार, हे सारे कोणत्याही शासन निर्णयात लाभ म्हणून नोंदलेले नाही. पण मूल वाढवत नोकरी पूर्ण करता आली ती या शेजारामुळे, आणि नोकरी पूर्ण झाली म्हणून निवृत्तिवेतन आहे.

या शेजाराचे सर्वांत काटेकोर रूप म्हणजे सेवकांची पतसंस्था. पगारदार सेवकांच्या पतसंस्थेचा हप्ता पगारातूनच कापून घेण्याची तरतूद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मध्ये आहे, त्यामुळे वसुलीची चिंता कमी आणि कर्ज लवकर. मुलीचे शिक्षण, सासूबाईंची शस्त्रक्रिया, घरासाठी पहिली भरणा रक्कम, प्रत्येक वेळी मी तेथेच गेले. वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती सेवेत असताना मिळते, पण ती बिले मंजूर होऊन यायला वेळ लागतो आणि रुग्णालय थांबत नाही. मधला काळ पतसंस्थेच्या तातडीच्या कर्जावर निघतो. प्रत्येक कर्जाला दोन जामीनदार सहकारी लागतात. मी घेतलेल्या कर्जांना कोणी ना कोणी सही केली आणि मीही अनेकांच्या कर्जांवर सही केली. ती सही करताना समोरच्याचा पगार जितका पाहिला जातो तितकेच त्याचे वागणे पाहिले जाते, आणि आवारात कोण कोणाचा जामीन आहे यावरून माणसांची जवळीक नेमकी कळते.

निवृत्तीच्या वेळी या सह्या मोकळ्या कराव्या लागतात, हे मात्र शेवटच्या वर्षापर्यंत पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माझे स्वतःचे कर्ज फिटलेले होते. परंतु मी ज्यांना जामीन होते त्यांतील काही कर्जे चालू होती, आणि जामीनदाराचा पगार थांबणार असल्यामुळे माझ्या जागी दुसरा जामीनदार आल्याशिवाय संस्था मला ना-देय दाखला, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा दाखला, देऊ शकत नव्हती. एका शिपाईमामांचे कर्ज मोठे होते आणि त्यांना बदली जामीनदार मिळेना, कारण त्यांच्या ओळखीच्या बहुतेकांच्या सह्या आधीच मर्यादेपर्यंत झालेल्या होत्या. ते दोन-तीनदा ग्रंथालयात येऊन, माझ्यामुळे तुमचे अडले, म्हणून हात जोडून गेले. मला ते फार अवघड वाटले. शेवटी आमच्याच विभागातील एका तरुण सहकाऱ्याने सही केली. तो २००५ नंतर लागलेला, नव्या योजनेतला. स्वतःच्या निवृत्तिवेतनाची शाश्वती नसलेल्या माणसाने दुसऱ्याच्या कर्जाची जबाबदारी घेतली, ही गोष्ट मी विसरणार नाही. पुढील निवृत्तांना माझे सांगणे एवढेच की शेवटच्या वर्षी आपल्या कर्जाबरोबर आपण दिलेल्या जामिनांचाही उतारा पतसंस्थेकडून मागून घ्यावा आणि संबंधितांना वेळेत कळवावे.

बाकीचे ना-देय दाखले सुरळीत मिळाले. भांडार विभाग, अतिथिगृह, संगणक केंद्र, अभियांत्रिकी विभाग, आणि माझेच ग्रंथालय, जेथे माझ्या नावावर असलेली पुस्तके मी स्वतः परत करून घेतली. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखलाही प्रकरणासोबत लागतो. भविष्य निर्वाह निधीची वर्गणी शेवटच्या तीन महिन्यांत बंद होते आणि अंतिम हिशेबाला सुरुवात होते. माझ्या निधीत महाविद्यालयातील शिल्लक वेळेवर वर्ग झाली होती, हे विवरणपत्रे जपून ठेवल्यामुळे दाखवता आले.

निवृत्तीच्या तारखेबद्दल एक गोष्ट येथे नोंदवते. माझा जन्म जून महिन्यातला, म्हणून निवृत्ती ३० जूनला आणि वार्षिक वेतनवाढ १ जुलैला. म्हणजे वर्षभर काम करून मिळवलेली वेतनवाढ एका दिवसाने हुकायची. अनेक वर्षे जून महिन्यात निवृत्त होणाऱ्यांचे असे होत आले. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा सेवकांच्या बाजूने निकाल दिला आणि त्यानंतर राज्य शासनानेही निवृत्तिवेतनाच्या हिशेबापुरती ती वेतनवाढ मिळाली असे धरण्याचा निर्णय घेतला. माझ्या प्रकरणात ती धरली गेली. ज्यांनी आपापल्या निवृत्तीनंतर म्हातारपणी न्यायालयाच्या पायऱ्या चढून हा हक्क मिळवला, त्यांच्यापैकी कोणालाही मी ओळखत नाही. त्यांचा लाभ माझ्या निवृत्तिवेतनात दरमहा आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये आश्वासित प्रगती योजना आणि इतर मागण्यांसाठी राज्यातील विद्यापीठांच्या शिक्षकेतर सेवकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला तेव्हा काही पालकांनी आम्हाला दूषणे दिली होती. विद्यार्थ्यांची अडचण खरी होती. पण वर्षानुवर्षे एकाच पदावर राहणाऱ्या लिपिकाला मिळणारी वरची वेतनश्रेणी काढून घेतली, तर ते नुकसान त्याच्या निवृत्तिवेतनातही मरेपर्यंत राहते, ही बाब बाहेर कोणी समजावून सांगितली नाही.

निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव सर्व जोडपत्रांसह मुदतीत पुढे गेला. त्यावर एक आक्षेप आला, तो नेमका १९९० मधल्या महिन्यांबद्दलच होता. निवेदन, निधीचे विवरणपत्र आणि अण्णांचा दुजोरा यांच्या प्रती ठळक दिसतील अशा रीतीने पुन्हा जोडून आस्थापना विभागाने उत्तर पाठवले आणि आक्षेप निकाली निघाला. अंशराशीकरणाचा निर्णय मात्र आपला आपण घ्यायचा असतो. निवृत्तिवेतनाच्या जास्तीत जास्त ४० टक्के भागाची एकरकमी किंमत घेता येते आणि तेवढे निवृत्तिवेतन १५ वर्षांसाठी कमी मिळते, त्यानंतर पूर्ववत होते. एकरकमी घ्यावी की नाही यावर आमच्या घरात बरेच दिवस बोलणे चालले. माझे पती शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत होते. त्यांना कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ प्रमाणे जे मिळते त्यात महिन्याची औषधेही भागत नाहीत. त्या योजनेतील किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून दरमहा १,००० रुपयेच आहे. त्यांनी भट्टीसमोर उभे राहून केलेले काम माझ्या टेबलावरच्या कामापेक्षा कमी कष्टाचे नव्हते. आमच्या दोघांचे म्हातारपण माझ्या निवृत्तिवेतनावर उभे राहणार हे उघड असल्याने मासिक रक्कम कमी करायला मी आधी तयार नव्हते, परंतु उजळाईवाडीतील घराचे कर्ज फेडून टाकले तर व्याज वाचते असा हिशेब बसला आणि मी ४० टक्के अंशराशीकरण केले.

निरोपाचा कार्यक्रम नेहमीसारखा झाला. शाल, श्रीफळ, भाषणे आणि सहकाऱ्यांनी घरून करून आणलेले जेवण. त्या दिवशी उपदानाचा धनादेश हातात मिळावा असा विद्यापीठातील लेखा विभागाचा प्रयत्न असतो. मला रजेच्या रोखीकरणाची रक्कम आधी मिळाली आणि उपदान निवृत्तिवेतनाच्या आदेशाबरोबर आले. त्यात साडेसोळा महिन्यांचा हिशेब होता. मी ती बातमी सर्वांत आधी अण्णांच्या नातवाला दूरध्वनी करून कळवली, म्हणजे तो त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगेल.

निवासस्थान ठरलेल्या मुदतीत रिकामे केले. ते सोडताना मला जो विचार छळत राहिला तो स्वतःच्या विरहाचा नव्हता. वसाहतीच्या बागा सांभाळणारे, स्वच्छता करणारे, रात्री दरवाजावर उभे राहणारे बहुतेक जण आता कंत्राटदाराकडचे आहेत. वर्धापनदिनाला तेही असतात, गणपतीची आरती त्यांच्याबरोबर होते, महापुराच्या काळात तेही ड्यूटीवर होते. पण त्यांना सेवापुस्तक नाही. पतसंस्थेचे सभासदत्व नाही. कंत्राटदार बदलला की त्यांच्या सेवेची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. माझी तीन वर्षे सिद्ध करण्यासाठी लाल कापडातील गठ्ठे तरी कोठेतरी होते; आमच्या दारातले पारिजातकाचे झाड ज्यांनी वाढवले त्या मावशींच्या बारा-पंधरा वर्षांचा गठ्ठा कोठेही बांधलेला नाही. किमान त्यांचा भविष्य निर्वाह निधी नियमित भरला जातो की नाही हे विद्यापीठाने दरमहा पाहावे, प्रत्येकीला तिच्या खात्याचा क्रमांक आणि उतारा लेखी द्यावा, आणि कंत्राट बदलले तरी खाते तेच पुढे चालू राहील याची जबाबदारी घ्यावी, असे निवेदन आम्ही काही निवृत्त सेवकांनी तयार केले आहे.

त्यासाठी माहिती जमवण्याचे काम सध्या चालू आहे. आठवड्यातून एक दुपार मी आवारात जाते. नव्याने निवृत्त होणारे त्यांची सेवापुस्तकाची दुय्यम प्रत घेऊन येतात, आम्ही पहिल्या पानापासून एकेक नोंद वाचतो आणि कोरे रकाने वेगळ्या कागदावर उतरवून घेतो. त्यानंतर त्या मावशी आणि त्यांच्या दोघी-तिघी सोबतिणी येतात. त्यांच्या मोबाइलवर निधीचे खाते उघडून वर्गणी कोणत्या महिन्यापर्यंत जमा आहे ते पाहायचे, मिळालेला उतारा छापून घ्यायचा आणि प्रत्येकीच्या नावाची एक धारिका करायची, असे ठरवले आहे. पहिल्या धारिकेत नेमणुकीचे पत्र नाही, म्हणून त्या जागी मावशींनी कामावर लागल्याचा महिना आणि त्या वेळच्या मुकादमाचे नाव लिहून घेतले, आणि त्या मुकादमाचे निवेदन मिळते का ते पुढच्या खेपेस पाहणार आहोत.